दोन मुठी खडेमीठ

गुरुदासदादांना माडाबद्दल काही सांगायची आमच्या वाडीत कोणाची छाती होत नाही. माझीही नाही, आणि मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना दटावण्यात घालवलेली बाई आहे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक कुंपण. त्या कुंपणावरून मी त्यांचं निम्मं आयुष्य पाहिलं आणि उरलेलं निम्मं ऐकलं, कारण दादांचा आवाज माडाच्या शेंड्यावरून खाली बोलायला घडवलेला आहे. ते ओट्यावर बसून कुजबुजले तरी मला स्वयंपाकघरात कळतं.

पंचेचाळीस वर्षं ते माडावर चढले. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, बाकी अंगावर एक चड्डी. आमच्या तोंडवली गावातला प्रत्येक माड त्यांना स्वभावासकट ठाऊक. हा रागीट, तो कंजूष, ती देवळामागची माडीण म्हणजे सासुरवाशीण, दुखलं खुपलं तर सांगणार नाही. माडाला डोळे असतात, तो कोणाच्या डोक्यावर नारळ टाकत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. दादा मात्र ते शेजाऱ्याच्या चांगुलपणाबद्दल बोलावं तसं म्हणायचे.

माड आजारी पडला की मालक त्यांनाच बोलवायचे. दादा वर चढायचे आणि शेंड्यातलं मधलं, अजून न उघडलेलं पान हाताने हलकेच ओढून बघायचे. पान पक्कं राहिलं तर माड जगला. उपसून हातात आलं तर माड आतून कुजलेला, मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. तसं झालं की दादा खाली उतरून काही न बोलता कोयता पुसत बसायचे आणि मालकाला कळायचं.

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले. तेव्हापासून ते खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसतात आणि दुसरं कोणी माडावर चढत असेल तर त्याला खालून शिकवतात. ऐकून घेणारा शहाणा, उलट बोलणारा मेला.

अशा माणसाच्या घरी दोन वर्षांपूर्वी रसिका सून म्हणून आली. मुलगा सिद्धेश पर्यटकांची बोट चालवतो. कोल्हापूरला शिकायला होता, तिथे दोघांचं जुळलं. लग्न लागून वरात दारात आली तेव्हा नवरीच्या मांडीवर मातीची एक कुंडी होती. फोंडा घाटाची सगळी वळणं तिने ती कुंडी शालूवर धरून काढली होती. कुंडीत गुडघाभर उंचीचं झाड, हाताचा पंजा पसरावा तशी पानं.

"नवरी कुंडी घेवन इली गो!" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसणाऱ्यांत मीही होते.

दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुंडीला प्रदक्षिणा घातली. "ह्यो ताडाचो पोर काय?"

"नाही मामा, चायना पाम. पंखापामपण म्हणतात." कोल्हापूरकडच्या रीतीने ती सासऱ्यांना मामा म्हणते.

"नारळ लागतत?"

"नाही."

"झाडू करूक हीर?"

"नाही."

"चुडता तरी शाकारूक?"

"नाही."

"मगे ता करता काय?"

"काही करत नाही मामा. नुसतं असतं."

दादा माझ्याकडे वळून बघायला लागले, जणू हे उत्तर मी शाळेत शिकवलं होतं.

पुढे कळलं ते असं. रसिकाचे वडील कोल्हापुरात एका बागेत माळी होते. कोणीतरी उपटून टाकलेलं हे रोप त्यांनी घरी आणून जगवलं. लग्नाच्या आदल्या वर्षी ते गेले. वडिलांचं म्हणून तिच्याबरोबर एक फोटो आला आणि ही कुंडी. दर रविवारी ती पडवीत बसून ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. मी माझ्या फटकळ तोंडाने एकदा म्हटलं, "झाडाक पण न्हावक घालतंस काय गो?" ती म्हणाली, "आबा रविवारी माझे केस विंचरून झाले की याची पानं पुसायचे." त्यानंतर मी त्या झाडाला कधी हसले नाही.

गेल्या डिसेंबरात सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माहेरी गेली. तिच्या आईची खोली लहान, खिडकी बोळात उघडणारी, म्हणून कुंडी इथेच राहिली. जाताना तिने कागदावर पाच ओळी लिहून तो कॅलेंडरला टाचला. मातीत बोट घालून बघा, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी द्या. दुपारचं ऊन नको. महिन्यातून एकदा कुंडी थोडी फिरवा. रविवारी पानं पुसा. बाकी काही करू नका.

"मामा, तुमच्या हवाली करून जाते," असं म्हणून तिने वाकून नमस्कार केला. दादांनी असा काही आव आणला की जणू सरकारी बाग ताब्यात घेतली.

पहिल्या चार ओळी त्यांनी मन लावून पाळल्या. रविवारी सकाळी दादा मांडी घालून पानं पुसताहेत आणि काशीबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातून म्हणते आहे, "माजी पाठ कदी पुसलात नाय ती," हे दृश्य मी पाहिलेलं आहे. घोटाळा झाला तो पाचव्या ओळीने. जानेवारीत खालचं जुनं पान जरा पिवळं पडलं. झाडाचं जुनं पान पिवळं पडणारच, पण दादांना वाटलं झाड उपाशी आहे. बाकी काही करू नका म्हणजे काय? हवाली केलेल्या लेकराला कोणी उपाशी ठेवतं?

आमच्याकडे माडाच्या आळ्यात मीठ घालायची पद्धत आहे. खारा वारा, खारी माती, वरून मीठ, की माड खूश. दादांनी बरणीतून मूठभर खडेमीठ घेतलं आणि कुंडीत घातलं. फेब्रुवारीत पानांची टोकं तपकिरी झाली. भूक भागलेली दिसत नाही असं म्हणून त्यांनी दुसरी मूठ घातली.

फेब्रुवारीच्या शेवटी रसिकाला मुलगी झाली. दादांनी वाडीभर पेढे वाटले. त्यानंतर ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. आधी बाळ दाखवायची, मग म्हणायची, "मामा, आता आमचं झाड दाखवा." फोन धरायचं काम माझ्याकडे, कारण काशीबाई फोन धरते तेव्हा समोरच्याला फक्त छताचं कौल दिसतं. एक दिवस दादा म्हणाले, "बाईनू, वायच लांबसून धरा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडी फिरवून बरं पान पुढे केलं. तिसऱ्या दिवशी पानांची टोकं कात्रीने कापलेली होती. मला वाटलं म्हाताऱ्याला नवा छंद लागला. माझं मेलीचं लक्ष बाळाकडे होतं.

मग मार्चमधली एक सकाळ. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. पलीकडे तुळशीसमोर दादा कुंडी ठेवून हात जोडून उभे होते आणि गाऱ्हाणं घालत होते. आवाज बारीक केला होता, पण त्यांचा बारीक म्हणजे केवढा ते सांगितलंच आहे.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू गुरुदास तुझ्या पायाकडे उबो आसा. सुनेन माज्या हवाली केल्ल्या झाडाक माज्याच हातान इजा झाली रे म्हाराजा!"

आता आमच्याकडे गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. देवळात सगळा गाव एका सुरात ओरडतो, ती लहानपणापासूनची सवय. हातात ओली साडी घेऊन मी खणखणीत म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

दादा दचकले. पण घातलेलं गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी ते पुरं केलं. "चुकला माकला पोटात घाल. सून पोराक घेवन घराक येवच्या आदी झाडाक नवीन पान उघडांदे. आणि पान उघडत नाय तवसर मी मिठाक शिवाचंय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, पण या वेळी हळू.

मी कुंपण ओलांडून गेले. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला होता. सात पानांतली तीनच उरली होती. मधोमध एक नवं पान मिटल्या छत्रीसारखं उभं होतं, ते किती दिवस तसंच होतं कोण जाणे.

"ओढून बगलात?" मी विचारलं.

"नाय."

"कित्या?"

"हातात इला तर?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या माडांचे शेंडे बेधडक ओढून बघणारा हा माणूस त्या वीतभर पानाला हात लावायला घाबरत होता. मग ते खाली बसले. "बाईनू, तिचो बापूस एकदा मेलो. माज्या हातान परत मरतलो काय?"

मी हातातली ओली साडी तशीच कुंपणावर टाकली आणि पर्स आणायला घरी वळले.

त्याच दिवशी मी त्यांना एस्टीत घालून कुडाळच्या वाटेवरच्या एका नर्सरीत नेलं. नर्सरीवाल्या सुदेशने फोटो पाहिला आणि विचारलं, "काकानू, मीठ घातलात काय?" दादांनी मान खाली घातली. "तुमचो माड मुळां लांब पाठवता, खारा लागला तर दुसरीकडे जाता. ह्यो कुंडीत आसा. ह्येणी खंय जावचा?" मग त्याने उपाय सांगितला. वरची माती खरवडून काढा. गोडं पाणी भरपूर ओता, खालच्या भोकातून वाहून जाऊ दे. असं तीन-चारदा करा, आठवड्याने पुन्हा. खत नको, काही नको. "आणि वाट बगा," तो म्हणाला.

गोडं पाणी म्हणायला सोपं. आमच्या किनाऱ्याकडच्या विहिरी मार्च उजाडला की मचूळ होतात. गोडं पाणी वरच्या वाडीत, चढणीवर. सिद्धेश हंगामात सकाळपासून बोटीवर. दादांनी सायकलला दोन कॅन बांधले आणि सायकल हाताने ढकलत ते पाणी आणायला लागले. गुडघे कुरकुरत होते, ते मला कुंपणाअलीकडे ऐकू यायचे म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि जेवण अळणी. मालवणी माणसाने मीठ सोडायचं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. माशाच्या कढीत मीठ नाही. लोणचं नाही. सुकी मासळी खारवलेली, म्हणून तीही बंद. सकाळची पेज नुसती भाताचं पाणी. मी चिडून म्हटलं, "देवाक नारळ बोलूचो होतात." तर म्हणाले, "नारळ माज्या घरात फुकट आसत. जा सोडूक जड जाता, ताच बोलूचा लागता." आणि मला शपथ घातली, रसिकाला सांगायचं नाही, काशीलाही नाही. रसिकाला आपणच सांगणार, तोंडासमोर.

काशीबाईला वाटलं नवऱ्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तो लपवतोय. ती बिचारी त्यांच्यासाठी वेगळी कढी काढून ठेवायची आणि माझ्याकडे येऊन रडायची. एप्रिलच्या उन्हात दादा चढणीवर चक्कर येऊन बसले. मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, या उन्हात घाम गाळायचा आणि मीठ खायचं नाही, मग दुसरं काय होणार? दादांनी मान डोलावली आणि घरी येऊन अळणीच जेवले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नको तिथे दहा वेळा बोलणारी मी, हवं तेव्हा शपथ पाळत बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रसिका बाळाला घेऊन आली. मिटलेलं पान हिरवं होतं, बोटभर वर सरकलं होतं, पण उघडलं नव्हतं. काशीबाईने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाळ आजीच्या हातात देऊन रसिका सरळ पडवीत कुंडीपाशी गेली.

तीन पानं, तीही टोकं छाटलेली. ती बघत राहिली. मग तिने कुंडीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ?"

दादा गेले दोन महिने माझ्यासमोर एक लांबलचक भाषण घोकत होते. ते सगळं विसरले. "मी घातलंय. दोनदा. तू लिवन ठेवल्लंस, तरी घातलंय. माका वाटला, माका कळता."

रसिकाने मधल्या पानाला हात घातला. दादांनी डोळे मिटून घेतले. तिने हलकेच ओढलं. पान जागचं हललं नाही.

"जिवंत आहे," ती म्हणाली. पण तिचा आवाज कोरडा होता. ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला. दादा पायरीवर बसून राहिले. तिचंही बरोबर होतं.

दुपारी जेवायला ताटं मांडली. काशीबाईने मलाही बसवून घेतलं. रसिका डोळे सुजलेली बाहेर आली आणि वाढायला लागली. आमच्याकडे आधी ताटाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ वाढतात. ती दादांच्या ताटाशी वाकली तशी काशीबाई म्हणाली, "तेंका नको गो. तेंची कढी पण येगळी काडलंय, अळणी. दोन महिने मिठाक शिवाक नाय ते. कित्या ता सांगणत नाय."

रसिका हातात मिठाची वाटी घेऊन थांबली. तिने दादांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी फुटले. शपथ गेली चुलीत. गाऱ्हाणं, नवस, चढणीवरचं पाणी, चक्कर, सगळं एका दमात सांगून टाकलं.

काशीबाईने कपाळावर हात मारला. रसिका दादांच्या शेजारी बसली, त्यांची अळणी कढी उचलून आपल्या भातावर ओतली आणि कालवून जेवायला लागली.

"गो, ह्या काय करतंस?" दादा ओरडले. "तू बाळंतीण! अंगावर पाजतंस! अळणी खाशीत तर तुज्या अंगात ताकद खयसून येतली?"

"पान उघडेपर्यंत मीही अळणीच जेवणार."

"खुळी झालंस काय? देवाक मी बोल्लंय, तू नाय!"

"झाड माझं आहे ना मामा? मग नवसही माझा." तिने दुसरा घास घेतला. "मला राग आलाय तुमचा. खूप आलाय. पण एक बाप गेला माझा. झाड गेलं तर मी रडेन आणि गप्प बसेन. उन्हात चक्कर येऊन तुम्ही पडलात तर मी काय करू? मला दुसऱ्यांदा बिनबापाची नाही व्हायचं."

दादांनी वाटीतलं मीठ चिमटीत घेतलं आणि तिच्या भातावर टाकलं. "खा, बाय. मीठ घेवन खा."

"आधी तुम्ही."

"बोल्लंय गो देवाक."

आता माझी पाळी होती. त्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारी साक्षीदार मीच. मी खरकटा हात तसाच ठेवून डावा हात कपाळाला लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या गुरुदासाचो नवस आता ह्या घरातली सगळी मिळान फेडतली. पान तू तुज्या येळेर उघड. पण तेका आजपासून मीठ खावंदे. चुकला माकला पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काशीबाई म्हणाली. रसिकाला आमची रीत अजून अंगवळणी पडलेली नाही, तिने एक क्षण उशिरा म्हटलं, पण मोठ्याने म्हटलं.

पान उघडलं ते आणखी बारा दिवसांनी, एका रविवारी, पुसता पुसता. ते आधी कोणाला दिसलं यावर सासरा-सुनेचं अजून भांडण आहे. पण माझ्या मते जे व्हायचं ते त्या दुपारीच झालं.

रसिकाने दादांच्या ताटात डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलं. काशीबाईने सगळ्यांची कढी त्यांच्या भातावर घातली. दादांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि गिळला.

"काशी," ते म्हणाले, "कढी खारट झाली गो आज."

काशीबाईने पदराचं टोक त्यांच्यापुढे केलं. "आदी डोळे पुसा," ती म्हणाली, "आणि मगे सांगा खारट काय ता."